आ करा

— नाही नाही, अजून मोठा. आणखी थोडा. हां, असाच ठेवा. आणि बोलू नका, हो-नाही करायचं असेल तर नुसतं डोळ्यांनी करा, मला कळतं — सगळा जन्म आ केलेल्या माणसांशी गप्पा मारण्यात गेलाय माझा, उलट बोलणारं माणूस समोर आलं की मलाच चुकल्यासारखं होतं. दुखतंय? दुखणारच. खालची डावी दाढ आहे, आतून पार पोखरलीय, वरून मात्र राजवाडा. वाचवता येईल का म्हणून बघितलं मी, खरंच बघितलं, पण वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. काढू आणि मोकळे होऊ. सहाच्या सभेला आरामात पोचता — सभागृह समोरच तर आहे, चौक ओलांडला की झालं. मला कसं ठाऊक? अहो, भिंतीभिंतीवर कागद चिकटवलेत, ‘पुतळ्याचं काय करायचं?’, आणि वक्त्यांत सगळ्यात वर तुमचं नाव, मोठ्या अक्षरात. बरोबरच आहे, आजोबांचा पुतळा, नातवानं नाही बोलायचं तर कोणी? आता जरासं टोचेल हं. — झालं. शूर आहात.

ओठ जड व्हायला थोडा वेळ लागेल. मान वळवू नका, पण खिडकीतून दिसतोय बघा तो. रोज बघते मी, प्रत्येक पेशंटच्या डोक्यावरून — हातात पेटती काडी उंच धरलेली, खाली कोरलंय ‘घरोघरी उजेड नेणारा’. आणि तो जबडा! आम्हाला शाळेत धडा होता तुमच्या आजोबांवर, मालकांवर, त्यात होतं, ‘त्यांचा करारी जबडा पाहूनच त्यांच्या निश्चयाची कल्पना येई’. मी ते वाक्य घरी मोठ्यानं वाचलं तेव्हा आई चुलीपुढून उठून बाहेर गेली. मला वाटलं धूर लागला. काय? जीभ जड वाटतेय? छान. मग उजवीकडेही एक सुई देऊन टाकते. — कशाला म्हणजे? असू द्या हो. डॉक्टर मी की तुम्ही?

तर तुमच्या आजोबांचा आगपेट्यांचा कारखाना, आणि माझी आजी तिथे काड्या बुडवायला. पांढऱ्या फॉस्फरसच्या लगद्यात काड्यांची टोकं बुडवायची, दिवसभर, वाफ नाकातोंडात. ती वाफ किडक्या दातातून हाडात उतरते आणि हाड जिवंतपणी कुजतं. तांबडा फॉस्फरस मिळत होता, त्यानं काही होत नाही, पण तो महाग. तुम्ही मागे म्हणालात ना, ‘त्या काळी कोणाला काय माहीत होतं?’ मग मला एवढंच सांगा — डोळ्यांनी सांगा — माहीत नव्हतं तर दर सोमवारी फाटकावर बायकांचे दात कशाला बघायचे? रांग लागायची. मालक स्वतः खुर्ची टाकून बसायचे, हातात आपल्याच कारखान्याची काडी, आणि म्हणायचे, आ कर. मोठा. आणखी. हिरडी सुजलेली दिसली की काडी तिथे टोचायची, बाई ओरडली की चल घरी. पगार बंद, औषध नाही, हजेरीतून नाव खोडलं. म्हणून तर त्या कारखान्यात कधी कोणी आजारीच पडलं नाही! आणि तुम्ही आता घसा फोडून सांगता, इतिहास पुसू नका, इतिहास पुसू नका — अहो पुसला कोणी? चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

आ ठेवा. आता दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. आजीला दुखायचं, पण ती ओरडायची नाही. काडी टोचली की डोळे मिटून बोटं आवळून उभी राहायची, कारण घरी तान्ही पोर होती, माझी आई. ओरडली नाही, ओरडली नाही, आणि मग एका सोमवारी काडी टोचायची गरजच उरली नाही, हिरडीतून हाड वर आलं होतं. खालचा सगळा जबडा तुकड्यातुकड्यानं गळला तिचा, साहेब. दूध चमच्यानं घशात ओतावं लागायचं. माझ्या आईला तिच्या आईचा चेहरा आठवत नसे, फडक्यानं झाकलेला असायचा. आठवायचं ते फडकं, आणि एवढंच, की ती कामावर होती तोवर दिवा मालवला की तिचे हात अंधारात मंद उजळायचे — फॉस्फरस मुरलेला ना — आणि आई त्या उजेडाकडे रांगत जायची. घरोघरी उजेड नेणारा! तसं खोटं नाही लिहिलेलं.

— आली! बघा. मुळासकट, कणभर आत राहिलेली नाही. तुमच्यावर दात धरला म्हणाल, पण काम मी चोख केलंय, कोणालाही दाखवा. कापूस चावून धरा.

मागची सभा आठवते? एक पक्ष म्हणे वितळवा, दुसरा म्हणे हात लावून तर बघा, तिसरा म्हणे संग्रहालयाच्या परसात नेऊन ठेवा, तिथे झुडपं आहेत. नुसता गोंधळ. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. म्हणाली, पुतळा राहू द्या. काडी राहू द्या, खालची अक्षरंसुद्धा राहू द्या. फक्त त्याचा खालचा जबडा तेवढा कापून काढा, म्हणजे येणारा-जाणारा विचारेल, ह्याला काय झालं होतं हो? आणि कोणीतरी सांगेल. खो खो हसले सगळे. आणि तुम्ही, वकील माणूस, जिभेवर काय साखर की काय विस्तव — तुम्ही माईकवर म्हणालात, ‘बाई, आधी तुमच्या आजीचा जबडा दाखवा, मग आमच्या आजोबांचा मागा.’ काय टाळ्या पडल्या! — हं. आता कसे डोळे मोठे झाले. थांबा, मास्क काढते. बघा नीट. तेव्हा तुम्ही मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

उठू नका, रक्त येईल. मला एवढंच सांगायचंय, तेव्हा तो माझ्या पर्समध्येच होता. तुम्ही ‘दाखवा’ म्हणालात तेव्हा माझा हात पर्समध्ये होता, बोटं त्याच्यावर होती. पण लोक दात काढून हसत असताना आजीला बाहेर काढायचं? नाही झालं माझ्याच्यानं. बसले खाली. घरी जाऊन स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तेव्हापासून तो ह्या खणात आहे. हा बघा. पेटी ओळखलीत? तुमच्याच कारखान्याची, वर आजोबांचं तोंड, रंग उडालाय जरा. जे जे गळलं ते तिनं ह्याच्यात जपलं — कुजलेलं असलं तरी आपलं हाड, माणूस टाकणार कुठे? उघडते. घाबरता काय, चावायची नाही. हा तुकडा सगळ्यात मोठा, आणि हा खड्डा दिसतोय ना, ही दाढेची जागा. खालची, डावी. तुमची आत्ता काढली तीच.

काय म्हणताय? कळत नाही. नाही, काहीच कळत नाही, आणि उगाच प्रयत्न करू नका, जीभ चावाल. जेवणवेळेपर्यंत असंच राहणार. उजवीकडच्या सुईचं तसं काही कारण नव्हतं, साहेब. दोन्हीकडे दिली की अख्खी जीभ झोपते. — तक्रार? जरूर करा. माझा परवाना जाईल, जायलाच हवा, मी असं कधी कोणाला केलेलं नाही. पण उद्या करा. आज तुमच्या तोंडून शब्द नाही, लाळ येईल. लाज वाटेल मला, उद्या वाटेल, आई असती तर आजच बोलली असती, सूड घेऊन हाड परत चिकटतं का गं? नाही चिकटत. ठाऊक आहे मला. पण आज गोड वाटतंय, काय करू?

सभेला न जाता घरी जाल? मग आजोबांची बाजू मांडणारं कोणी नाही. गेलात तर तुम्हालाच पहिलं बोलवतील. आणि त्या कागदावर सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, आणखी एक नाव आहे, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. ह्या वेळी कोणी हसलं तरी मी पेटी उघडणार आहे.

रुमाल आहे ना? धरा तोंडाला. असा नाही — खालून घ्या, सगळा जबडा झाकला पाहिजे, दोन्ही हातांनी. हां. हां, असाच. अगदी अशीच धरायची ती, आईनं करून दाखवलं होतं मला.

पैसे राहू द्या. तुम्ही व्हा पुढे. मी हात धुते आणि आलेच.