पाद्र्याचा पूर्वपक्ष

(कुंभकोणम. तंजावरची गादी खालसा होऊन दहाएक वर्षं झालेली. उद्या महामखाच्या तळ्यावर पाद्र्याशी वाद आहे. हनुमंतरावांच्या ओट्यावर, ते आणि त्यांची बायको त्रिपुरसुंदरी यांच्यासमोर, त्यांचा पुतण्या सेतुराम मांडी ठोकून बसला आहे. बोलणी खाल्ल्याशिवाय सुटका नाही हे त्याला ठाऊक आहे आणि माघार घ्यायची नाही हेही.)

त्रिपुरसुंदरी : आणि पाद्र्यांच्या त्या ग्रंथावरचें चामडें?

सेतुराम : सोलून टाकलं, काकू. पानं सुटी केली, दोन फळ्यांमध्ये बांधली. आता पोथीच झाली ती.

त्रिपुरसुंदरी : चामडें गेलें म्हणून आंतला मजकूर सोवळा झाला होय रे?

सेतुराम : मजकुराला मी कुठं हात लावला?

हनुमंतराव : तूं आंत जा, बघूं.

त्रिपुरसुंदरी : इथेंच बसतें मी.

हनुमंतराव : बस. सेतू, ऐक. उद्यां पाद्री बोलणार, मग मठातर्फे तूं. उभा राहा आणि पूस, ज्या देवाला शिपायांनीं खिळे ठोकून मारलें, तो आम्हांस काय तारणार? लोक हसतील. काम झालें.

सेतुराम : हसवायला मी कशाला, काका? ते कोणीही करील. मी वर्षानुवर्षं त्यांचं शास्त्र वाचतोय. लहान पोरानं धुळाक्षरं गिरवावी तशी ग्रीक अक्षरं गिरवली. आधी पूर्वपक्ष, मग खंडन.

हनुमंतराव : पूर्वपक्ष आम्हांस शिकवतोस?

सेतुराम : तुम्हीच शिकवलात मला. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं स्वतः म्हणावं, होय, हेच माझं. तोवर त्याला उत्तर द्यायचा अधिकार नाही.

हनुमंतराव : तें शास्त्री मंडळींत. इथें तूं इतकें गोड करून मांडशील, कीं खंडन यायच्या आधीं चार पोरें उठून पाद्र्याच्या पंक्तीला बसतील. एक गेला तेवढा पुरे.

त्रिपुरसुंदरी : एक, एक काय? नांव घ्या त्याचें.

हनुमंतराव : त्याचा घट फोडला मीं, तो जिवंत असतां. या हातानें. मला मुलगा नाहीं.

त्रिपुरसुंदरी : मला आहे.

हनुमंतराव : सेतू, शेवटचें सांगतों. पूर्वपक्ष वाचायचा हट्ट धरलास तर मठातलें आसन तुझ्या बरोबरीच्या कृष्णमूर्तीला देईन. तुझ्या बापाचें आसन.

सेतुराम : द्या.

हनुमंतराव : द्या म्हणतो!

सेतुराम : त्या आसनासाठी माझा जीव तुटतो, काका. अप्पा गेल्यापासून दुसरं काही मागितलं नाही मी. पण न समजता खोडायला त्यावर बसायचं असेल, तर कृष्णमूर्तीच बरा.

हनुमंतराव : आणि तुला समजलें हें कोणी ठरवलें? त्या पाद्र्यानें? न्यायातलें ओ कीं ठो कळत नाहीं त्याला.

सेतुराम : पाद्र्याला दाखवलंच नाही.

हनुमंतराव : मग मेलकावेरीला त्यांच्या वस्तींत कोणाकडे जात होतास?

सेतुराम : वेंकटेशकडे.

त्रिपुरसुंदरी : अय्यो! कसा आहे रे? जेवतो ना पोटभर?

सेतुराम : वाळलाय थोडा. पण बरा आहे, काकू. सांबार स्वतः करतो. फार खारट करतो.

त्रिपुरसुंदरी : हात सैलच त्याचा, पहिल्यापासून.

सेतुराम : काका, रागवा हवं तर, पण पूर्वपक्ष मी त्यालाच वाचून दाखवला.

हनुमंतराव : ऐकून घेतलें त्यानें?

सेतुराम : सगळं. तुमच्यासारखंच, डोळे मिटून. एके ठिकाणी मला थांबवलं.

हनुमंतराव : कुठें?

सेतुराम : त्यांच्यात एक कथा आहे. घर सोडून गेलेला मुलगा सगळं उधळून परत येतो. मी लिहिलं, मुलानं प्रायश्चित्त घेतलं, मग बापानं त्याला घरात घेतलं.

हनुमंतराव : बरोबर लिहिलेंस. दुसरें कसें होईल?

सेतुराम : मलाही तसंच वाटलं. पण मुळात प्रायश्चित्त नाहीच, काका. मी आपल्या मनानं घातलं, आणि घातलं हे मला कळलंसुद्धा नाही. वेंकटेश म्हणाला, काढ ते. मुलगा अजून पुष्कळ लांब होता. बापानं त्याला पाहिलं आणि तो धावत सुटला.

हनुमंतराव : बाप?

सेतुराम : बाप. भर रस्त्यात.

त्रिपुरसुंदरी : ऐकलेंत?

हनुमंतराव : बहिरा नाहीं मी. सेतू, खंडन करणार ना तूं?

सेतुराम : करणार. कर्माचं फळ भोगल्यावाचून क्षमा कशी उभी राहते, हे पुसणार. सोडणार नाही. वेंकटेशलाही तसं सांगितलंय.

हनुमंतराव : तो येणार उद्यां?

सेतुराम : येणार. आपल्या लोकांत नाही बसणार. पलीकडच्या काठावर, त्यांच्या मंडळींबरोबर.

हनुमंतराव : तळें रुंद आहे.

सेतुराम : आहे.

हनुमंतराव : आसन तिथें आणवतों. त्यावर बस आणि मोठ्यानें वाच. पलीकडच्या कांठाला ऐकूं गेलें पाहिजे.