दोन गाड्यांची समान वाटणी

वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन भाऊ बसले होते, मधे त्यांची म्हातारी आई. मी शेजारी, माझ्या नंबराची वाट बघत.

"काही म्हण धाकट्या, देखणी म्हणजे जग्वारच. बाबांची ती लाल गाडी दारात उभी असली की येणारेजाणारे थबकायचे."

"ते नाक बघून थबकायचे, दादा. नाक तुझ्याकडे आहे."

"वाटणी समान हवी, हे तूच म्हणालास."

"हवीच. जग्वार देखणी, पोर्श महाग. एकेक घेतली असती तर एकावर अन्याय झाला असता."

"म्हणून तर दोन्ही मधोमध कापल्या. आता कुणाला बोलायला जागा नाही."

"आहे की! थोरला म्हणून तू दोन्ही तोंडं घेतलीस. माझ्या वाट्याला दोन्ही ढुंगणं."

"हळू बोल, आई बसलीय. आणि पोर्शचं इंजिन मागे असतं. ते तुलाच मिळालं ना?"

"स्टिअरिंग दोन्ही तुझ्याकडे."

"काय करायचीत? गिऱ्हाईक येतं, तोंड बघून खूश होतं आणि बाकीची गाडी कुठे म्हणून विचारतं."

"माझं विचारतं, ही भिंतीत शिरताना अडकली का?"

"जाऊ दे. आज घराचं तरी नीट करू."

"या खेपेला पुढचा भाग माझा."

"चालेल. आणि आईचं काय?"

"समानच व्हायला हवं, दादा."

"अर्थात!"

आतून हाक आली. दोघांनी आईला उठवायला तिचा एकेक दंड धरला. म्हातारीने दोन्ही हातांनी बाक घट्ट पकडला.