हिंदुराव वस्तादांच्या पाच फेऱ्या

मंडळी, एक विचारतो — थकलेल्या माणसाची सेवा कशी करावी? त्याला उचलून घ्यावं, की उभं करावं? लगेच माना डोलवू नका! आधी ऐका!

कागलकडच्या एका गावात हिंदुराव वस्ताद. चाळीस वर्षं तालमीत पठ्ठे घडवले. आणि झाला कॅन्सर — आतड्याचा! ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. थकवा असा, की कूस बदलली तरी धाप लागायची. पठ्ठ्यांचा तर गुरूवर जीव! वस्तादांचा पाय जमिनीला लागू देईनात! खाटेवरून मोरीपर्यंत — खांद्यावर! महिन्याभरात मांड्या पार वाळल्या. वस्ताद बायकोला म्हणाले, "शेवंता, ऱ्हायलेलं चार डोस नगंत मला. अंगात जीवच न्हाई."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या शबाना मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "वस्ताद, पडून राहून थकवा वाढतोय. डॉक्टरांनी परवानगी दिलीय — रोज थोडं चाला."

आता पैलवानाला 'थोडं' ठाऊक असतं का हो? घरी आले, लंगोट कसला, अन् बैठका सुरू! बाराव्या बैठकीला — धाडकन खाली! पुढच्या खेपेला मॅडमवरच डाफरले, "ह्यो तुमचा व्यायाम!"

मॅडम शांत. "वस्ताद, नवं पोर तालमीत आलं, तर पहिल्या दिवशी बैठका किती?"

"पाच."

"जास्त मारल्या तर?"

"कान पिळतो की!" — आणि वस्तादांचा हात आपल्याच कानाकडे गेला. डोळे भरून आले. चाळीस वर्षांचं वस्तादपण बाजूला ठेवून नवं पोर व्हायचं! सोपं आहे का?

दुसऱ्या सकाळी आखाड्याशी आले. सदा पठ्ठा उचलायला धावला. "खबरदार! नुसता बाजूनं चल!" आखाड्याभोवती पाच फेऱ्या ठरल्या. तिसरीला पाय लटपटले. ओट्यावर बसले, दम खाल्ला, उठले. पाच झाल्या! सहावीची हाव सुटली — अन् सगळ्या पठ्ठ्यांदेखत थांबले! मंडळी, ते थांबणं कुस्ती मारण्याहून अवघड!

राहिलेले डोसही घ्यायचे ठरले. डोस झाला की दोनच फेऱ्या. मग चार. मग दहा. थकवा पळाला नाही हो, खोटं कशाला सांगू! पण अंघोळ आपली आपण होऊ लागली, चार घास जाऊ लागले. आणि शेवटच्या डोसाला वस्ताद दवाखान्याच्या फाटकाशीच गाडीतून उतरले — "आत मी चालत जानार!" गेले!

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरी खाटेवर कोण आहे? मायेनं कुणाला निजवून ठेवलंय? उद्या डॉक्टरांना विचारा, आणि त्याच्यापुढे हात करा — उचलायला नव्हे, धरायला! तो दमला की तुम्हीही थांबा. एवढं कबूल असेल, तरच टाळी वाजवा आणि म्हणा — विठ्ठल!