चिमाक्काचा पाळणा

मंडळी, एक सांगा! रामाला जोजवायचा अधिकार कुणाचा? कुंकू लावणारीचा? लेकुरवाळीचा? मग ऐका!

अडीचशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावात चिमाक्का नावाची बाई होती. बालविधवा. अंगावर आलवण, आणि ओठांवर? कविता! कांडता-कांडता रचायची. दर रामनवमीला नवा पाळणा तिचाच, पण पाळण्याची दोरी सवाष्णींकडे. चिमाक्का देवळाच्या दाराबाहेर! पुजारी अनंतभट बजावायचे, "गाणं चालेल हो, तुम्ही नको. जन्मवेळेला अपशकुन!" वा रे शास्त्र! गूळ गोड, ऊस कडू!

त्या वर्षी भर दुपारी जन्म झाला. गुलाल उधळला, ताशे थांबले. भटजींची बायको मथुरा, तिनं दोरी धरली, पहिलं कडवं म्हटलं — आणि दुसरं आठवेना! (हसू नका! तुमची आरती तिसऱ्या कडव्याला हं-हं-हं वर येतेच की!) सगळ्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघताहेत. पाळणा थांबला.

दाराआड चिमाक्काचा जीव कासावीस! गावं, तर उद्या या दारातही कुणी उभं करणार नाही. गप्प राहावं, तर... अगं, बाळ रडेल की! तिला राहवेना. बायकांना शिकवलेलं कडवं राहिलं बाजूला, पोटातलंच बाहेर आलं —

दोरी नाही हाती माझ्या, सूर तुला देते रे।
उभी दाराआड तरी, आई तुझी होते रे॥

मथुरेच्या डोळ्यांना धारा. दोरी घेऊन ती निघाली दाराकडे.

"मथुरे! काय चाललंय?" भटजी ओरडले.

"दोरी पुरते का बघतेय!"

नाही पुरली हो! हातभर कमी पडली. मथुरा तशीच उभी. चिमाक्का उंबऱ्याबाहेर, हात पुढे करायची छाती नाही. आणि मग — अनंतभट उठले. खांद्यावरचं उपरणं काढलं, दोरीला गाठ मारली, दुसरं टोक चिमाक्काच्या हातात दिलं. म्हणाले, "अक्का, पुढचं कडवं म्हणा. राम जागा आहे."

धन्य ती माउली! आणि उशिरा का होईना, धन्य तो भटही!

मंडळी, बारा वाजत आले. आपलाही पाळणा सजलाय. पण त्या मागे, भिंतीला टेकून, कोऱ्या कपाळानं कोण उभ्या आहेत? कुणाची आई, कुणाची काकू, कुणाची बहीण! मागे राहा म्हणून कुणी सांगितलं त्यांना? खाली काय बघता? ही दोरी मी धरलीय. माझं उपरणंही हे काढलं. त्या पुढे येऊ द्या — मगच जन्माचा गजर!