आईच्या नावावर

— नाही गं गुंजन, चालू राहू दे तो रेकॉर्डर, मी काही लाजत नाही. आता या वयात कसली लाज? भाषांतराचा इतिहास लिहितेयस ना, मग जुने दुभाषे हवे असतील तर चार घरं पलीकडे तिरुमलराव राहतात, त्यांना गाठ — त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, दोन सरदारांच्या मध्ये उभं राहून बोलायचे म्हणे. मी आपला साताऱ्याहून इथं म्हैसूरजवळ, बेळगोळच्या कारखान्यात आलेला माणूस. पण एक सांगतो, तहाच्या बोलण्यातून दोन्हीकडचे लोक हसत उठले ना, तर समजायचं, मधल्यानं काहीतरी गाळलंय. मला कसं ठाऊक? अगं, सतरा वर्षं तेच केलं मी — याच घरात, याच टेबलाशी. इकडे बायको, श्रीविद्या, इथलीच, कन्नड बोलणारी. तिकडे माझी आई, तिला साताऱ्याची मराठी सोडून दुसरं काही येत नव्हतं. आणि मध्ये अरुणराव, म्हणजे मी.

आई राहायला आली त्या पहिल्याच दिवशी हिनं सारू केलं — सारू म्हणजे इकडचं सार, गूळ घालून. आईनं घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, सारात गूळ घातलाय की गुळात सार?" श्रीविद्या माझ्या तोंडाकडे बघतेय. मी कन्नडमध्ये म्हटलं, आई म्हणतात, असं सारू जन्मात खाल्लं नाही. — खोटं बोललो का? नाही ना? — मग ही मला म्हणाली, मी घासलेली भांडी तुमची आई पुन्हा का घासते, तर मी आईला सांगितलं, ती विचारतेय, तुमच्यासारखी लख्ख भांडी कशी घासायची. आई अशी खूश झाली म्हणून सांगू, दुसऱ्या दिवशी दोघी मोरीत शेजारी-शेजारी. हस, हस, रेकॉर्डरला काय कळतंय.

पण मग मला चटकच लागली गं. आई काही बोललेलीच नसायची आणि मी भाषांतर करायचो. "आई म्हणतात, हिरवा रंग तुला शोभतो." आई बिचारी शेंगा सोलत बसलेली. "आई म्हणतात, तू माहेरी गेलीस की घर खायला उठतं." आता हे आई कशाला म्हणेल? ही गेली की टीव्ही सगळा तिचाच. — मग कोण म्हणणार, मीच की. आमच्याकडे बायकोला असलं सांगायची पद्धत नाही, वडिलांनी उभ्या जन्मात आईला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. जीभच वळत नाही माझी. आईच्या नावावर घातलं की कसं सुरळीत निघायचं.

आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून अडकलोय बघ — सांगायचं खूप आणि नाव घ्यायला माणूस नाही. परवा दसऱ्याला ही नटून बाहेर आली, केसात मोगऱ्याचा गजरा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई म्हणतात, आज तू फार छान दिसतेस." आई भिंतीवर, फोटोत, हार घातलेली. हिनं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, थँक्स म्हणून सांगा त्यांना. भोळी आहे गं. इतक्या वर्षांत काही कळलं नाही तिला, मराठी येत नाही ना, नाहीतर मी असा मोठ्यानं बोलत बसलो असतो का —

मागे? काय आहे मागे? — अगं श्रीविद्या, कॉफी का, इल्ली इडु, इथं ठेव. कधीपासून उभी आहेस तू — काय म्हणालीस? नाही, नाही, आत्ता तू मराठीत बोललीस. तुला मराठी — आईनं शिकवली? कधी? पहिल्याच वर्षी? म्हणजे हिरवा रंग, ते घर खायला उठतं, ते सगळं तुला... आणि आईलाही ठाऊक होतं? दोघी हसायचात? मोरीत? — आता आणखी काय? परत म्हणून दाखवू? आईचं नाव न घेता?

गुंजन, बंद कर ते. ऊठ बाई तू. — नाही, कॉफी राहू दे, आधी जा.