बोल्टाच्या भोकापाशी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय रेवणसिद्धप्पा अण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, कृत्रिम पाय केंद्रातले माझे सहकारी, गावोगावहून आलेले बंधू-भगिनी, आणि आज निवृत्त होणारे आमचे महांतेश सर,

सर मघापासून खाली मान घालून बसलेत. हार घ्यायलाही तयार नव्हते. मला म्हणाले, "संध्या, निंबर्ग्याचं सांगणार असशील तरच बोल. नुसतं कौतुक करायलीस तर मी उठून जातो." सांगते, सर.

मागच्या वर्षी सरांनी निंबर्ग्याच्या लिंगाप्पांसाठी फायबरचं पाऊल बनवलं. काचेच्या धाग्यांचे थर राळेत घट्ट बसवून केलेलं, वजनाला अगदी हलकं. वरच्या नळीला ते बोल्टांनी जोडलं होतं. केवढा अभिमान होता सरांना त्याचा! पण फायबरला भोक पाडलं की तिथले धागे तुटतात. चालताना सगळा भार भोकाच्या कडेवर येतो, कड चुरत जाते, थर सुटायला लागतात. हे सरांना ठाऊक नव्हतं का? होतं. हलकेपणाच्या नादात त्यांनी तिथे जादा आधार दिला नाही.

गाणगापूरला देवळाच्या पायऱ्यांवर ते पाऊल बोल्टापाशी फाटलं. लिंगाप्पा गर्दीत तोंडावर पडले. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याला लोक म्हणाले, "पिऊन आलाय." आणि हे ऐकायला तिथे कोण उभं होतं? मुडबीचे पाहुणे. लिंगाप्पांची मुलगी जगदेवी हिला सून म्हणून पसंत करून गेलेले. तेही बाजूला सरकले. पुढे निरोपच आला, सोयरीक मोडली म्हणून.

सरांना हे कळलं तेव्हा ते फाटलेलं पाऊल हातात घेऊन मुडबीला गेले. मी सोबत होते. पाहुण्यांच्या ओट्यावर, सगळा शेजार गोळा झालेला असताना, सर म्हणाले, "चूक माझी हाय. हे बघा, भोक फाटलंय. तो माणूस प्यायलेला नव्हता." पाहुणे ओशाळले. सोयरीक पुन्हा जोडू म्हणाले.

तिथून सर किती उमेदीने निंबर्ग्याला गेले! जगदेवीने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमी खरं बोललात, लई झालं. पण माझे अप्पा पडले तवा उचलायला त्यातलं कुणी बी वाकलं न्हाई. त्या घरी म्या जाणार न्हाई."

"कामून गं बाई, चांगलं स्थळ हाय की," लिंगाप्पा म्हणत राहिले. सरांना मान वर करता आली नाही. खरं सांगते, मलाही नाही.

मग सर कामाला लागले. भोकाभोवती फायबरच्या थरांमध्येच पोलादाचे पातळ पत्रे घातले, भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवलं, यंत्रावर दाबून दाबून तपासलं. आता केंद्रातून बाहेर पडणारं प्रत्येक पाऊल तसंच असतं. सुधारणा झाली. पण जगदेवीच्या लग्नाचं कुणी विचारलं की सर अजून मान खाली घालतात. मी एकदा म्हटलं, "सर, आता सोडा की ते." म्हणाले, "लाज वाटायलीय, वाटू दे."

निरोपाच्या दिवशी असं बोलायचं नसतं, कळतं मला. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. शाल द्यायची विनंती आम्ही अध्यक्षांना केली होती. अण्णा म्हणाले, ती लिंगाप्पांच्या हातून द्या. ते आलेत, समोर उभे आहेत. सर, उठा. निदान त्यांच्याकडे तरी बघा.