अटेस्टमधली टेस्ट

रविवारी कसलं काम म्हणता? असतं हो, आमच्या धंद्यात रविवारीही असतं — म्हणजे कामासारखंच काहीतरी. बसा ना, मी पिशवी इकडे घेतो, तुम्ही विणत राहा, बेटावर पोचायला अजून पाऊण तास आहे. ब्रेग्नहोल्मच्या नगरपालिकेत बोडिलबाई आहेत, त्या बेटावरची लग्नं लावतात, जगभरातून जोडपी येतात त्यांच्याकडे. त्यांच्या कॉम्प्युटरवर दाखले छापायचा आमचा प्रोग्राम आहे. तो बरा चाललाय ना, एवढं बघायचं. बिघडलाय का? नाही, बिघडलेला नाही. पण बघितलेलं बरं.

आमची कंपनी ओडेन्सला, चौदा माणसांची. माझं काम सगळ्यात शेवटी — तयार झालेला प्रोग्राम असा बांधून द्यायचा, की समोरच्यानं दोनदा क्लिक केलं की जागच्या जागी बसला पाहिजे. इन्स्टॉलर म्हणतात त्याला. आता प्रोग्राम म्हणजे एक फाइल थोडीच असते — आमच्यात तीन हजार! हातानं कोण लिहीत बसणार? म्हणून मशीनच सगळे फोल्डर फिरून यादी करतं, एक्सएमएलमध्ये, प्रत्येक फाइलची एक नोंद. पण त्यात आमचा घरचा कचराही येतो — चाचणीच्या फाइली, कच्ची टिपणं — तो काय गिऱ्हाइकाला द्यायचा? मग ती यादी गाळायची. गाळणी म्हणजे पण एक फाइलच, ट्रान्सफॉर्म म्हणतो आम्ही. तिच्यात नियम लिहायचे — सगळं जसंच्या तसं पुढे जाऊ दे, फक्त अमुक दिसलं तर त्याच्या जागी काही लिहू नकोस. काही लिहिलं नाही की ती नोंद गेली! गोड प्रकार आहे हो, मला तर फार आवडतो — जांभई आली? नाही ना? बरं. तर आमच्यातल्या एका शहाण्यानं नियम लिहिला, की नावात कुठेही ‘टेस्ट’ दिसलं की फाइल गाळ. आता सांगा — हसलात! तुम्हाला कळलं लगेच! त्याला नाही कळलं. लग्नाची अटेस्ट, बाप्तिस्म्याची अटेस्ट, मृत्यूची अटेस्ट — आपल्या देशातल्या एकूण एक दाखल्याच्या पोटात ‘टेस्ट’ बसलेली! दाखल्यांचे सगळे कोरे नमुने गळाले. आणि गाळणी काय ओरडते का? इन्स्टॉलर मजेत बसला, हिरवी खूण आली, ‘यशस्वी’ म्हणून ठळक अक्षरं.

शुक्रवारी अकराला फोन — मागच्या वर्षी मार्चमधली गोष्ट ही — ‘अहो, माझ्यासमोर नवराबायको उभे आहेत, लग्न लागलंय, फोटो झालेत, आणि तुमचा प्रोग्राम म्हणतो असा कागदच नाही! नॅपकिनवर लिहून देऊ का यांना?’ नवरा दुआर्ते, पोर्तुगीज, जहाजावर स्वयंपाकी. बायको मारिसेल, फिलिपीन्सची. दुसऱ्या दिवशी त्याचं जहाज सुटणार, ते थेट सहा महिन्यांनी परत. त्याच्याआधी दोघांनी मिळून तिच्या इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा, आणि अर्जाला दाखला हवा. म्हणजे सहा महिने ती कुठे राहणार, कशी राहणार, सगळं त्या एका कागदावर! मी नियम बदलला — ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरमधलं असेल तरच गाळ, नावाच्या पोटात शिरू नकोस — दहा मिनिटांचं काम. पण नगरपालिकेच्या कॉम्प्युटरला बाहेरून हात लावता येईना तेव्हा, म्हणून नवा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर खिशात घालून एकची फेरी पकडली. असा वारा, अशी बोट हलत होती, की मी रडायचाच बाकी होतो. पोचलो, बसवला, कागद निघाला. मारिसेलनं आधी प्रिंटरला मिठी मारली, मग नवऱ्याला, मग मला! आणि ते दोघं गेल्यावर बोडिलबाईंनी कॉफी दिली, समोर बसल्या, म्हणाल्या, ‘आता सांगा, कोण हो तो गाढव?’

काय सांगणार? म्हटलं, आहे आमच्याकडे एक. — असं काय बघताय? हो. मीच. मीच लिहिला तो नियम, सामना सुरू व्हायच्या आधी घरी पोचायचं होतं म्हणून घाईघाईत. झालं, तुम्हाला सांगून टाकलं. बोडिलला नाही सांगवलं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी कॉफी करून समोर बसलं होतं हो — तिथे मी स्वतःला गाढव म्हणवून घेऊ? मग दर वेळी ती विचारायची, ‘तुमचा गाढव कसा आहे?’ आणि मी रचत गेलो. त्याचं नाव एगॉन ठेवलं. त्याला बोट लागते म्हणून तो येत नाही म्हटलं. एकदा तर त्याचं लग्नही लावून दिलं! ती बिचारी त्याच्यासाठी आल्याची बिस्किटं बांधून द्यायची, बोट लागू नये म्हणून. चांगली असतात. मी फेरीतच संपवतो.

किती वेळा? ही सहावी खेप. हो, आता सगळं ऑफिसात बसून तारेवरून पाठवता येतं, कळतंय मला.

आज साठावा वाढदिवस आहे तिचा. काल फोनवर म्हणाली, ‘यालमार, उद्या एगॉनला घेऊनच ये, त्याला जेवू घालायचंय. खुर्ची मात्र एकच मांडतेय मी.’ एकच का, विचारलं, तर हसली आणि ठेवला फोन. म्हणून आज सांगून टाकणार आहे. हाकललं तर हाकललं, चारची फेरी आहेच.

तिला आधीच कळलं असेल? छे! कसं कळेल? गाळणी तर आमच्याकडेच राहते, तिला जातो फक्त इन्स्टॉलर. आणि सोबत एक पान, काय काय दुरुस्त केलं त्याचं. ते मशीनच तयार करतं — चूक कुठे होती, मूळ नियम कोणी लिहिला, कोणी...

थांबा.

मार्चमध्येच गेलं की हो ते पान. माझ्या नावासकट. ती तर प्रत्येक कागद वाचते, ठिपकासुद्धा सोडत नाही — म्हणजे चौदा महिने — म्हणजे ती बिस्किटं —

भोंगा झाला. उतरा तुम्ही, तुमची लोकर राहिली बघा बाकावर. मी येतो मागून. नाही, मला बोट नाही लागली. दिसली ती, त्या निळ्या कोटात, धक्क्यावर... जा हो तुम्ही पुढे, जा ना.